सूर्यफुलाची लाखोली

कुंदा पांढरीपांडेने यवतमाळच्या ट्रेझरीत उभा जन्म बिलं तपासली. तिच्या टेबलावरून पहिल्या फेरीत बिल पास झालं असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. जोडपत्र नाही, शिक्का पुसट आहे, सही चौकटीबाहेर गेली आहे. आक्षेप लिहून परत. खेड्यावरून आलेले मास्तर लोक रडकुंडीला यायचे. पण तिने कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, त्यामुळे तिला बोलायचीही सोय नव्हती. निरोपाच्या समारंभात तिचे साहेब म्हणाले की आता आम्ही जरा श्वास घेऊ. सगळे हसले. कुंदाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ती उठून म्हणाली, माझ्या जागी येणाऱ्याला मी सगळं सांगून ठेवलं आहे.

ही कुंदा माझी शेजारीण. दोघींच्या मधे छातीएवढी भिंत, भिंतीला लागून तिचा पारिजातक. निम्मी फुलं माझ्या अंगणात पडतात आणि ती मी झाडून टाकायची नाहीत असा तिचा जुना हुकूम आहे. मला देवाधर्माचं फार नाही. पण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा उशिरा झाडणं सोपं.

तिच्या नवऱ्याचं, नंदकिशोररावांचं, काही वर्षांपूर्वी बायपासचं ऑपरेशन झालं. ते आत असताना ती बाहेरच्या बाकावर बसून विष्णूला लाखोली बोलली. लाखोली म्हणजे एक लाख फुलं, एकेक करून, प्रत्येक फुलाला एकदा नाव घेऊन वाहायची. नंदकिशोरराव खडखडीत बरे झाले. जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन आता ते दिवसभर घरात बसून टोमणे मारतात, इतके बरे. लाखोली मात्र नोकरीमुळे राहून गेली होती. ती कुंदाने या वर्षी आषाढी एकादशीला सुरू केली. चातुर्मासात पुरी करायची, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या आत.

कुंदाची लाखोली म्हणजे नियम आलेच. फूल ताजं हवं, शिळं नाही. उमललेलं हवं, कळी नाही. अंगाने पुरं हवं, तुटकं नाही. वाहणारा हात तिचाच हवा आणि एकही दिवस खंड पडता कामा नये. जमिनीवर पडलेलं फूल एरवी देवाला चालत नाही. पारिजातकाला तेवढी सूट आहे, म्हणून तिने पारिजातक धरला. सकाळी उजाडता उजाडता ती परडी घेऊन झाडाखाली वाकलेली असायची. मग देवघरात "विष्णवे नमः, विष्णवे नमः" सुरू व्हायचं ते नंदकिशोररावांचा दुसरा चहा होईपर्यंत चालायचं. ते भिंतीवरून मला म्हणायचे, "माझ्या बायपासचे हप्ते फेडणं चाललंय. मी मेलो असतो तर एवढी मेहनत वाचली असती."

श्रावण गेला, भाद्रपद गेला, आणि कुंदाचा डावा गुडघा गेला. तो आधीपासूनच कुरकुरत होता. रोज शेकडो वेळा वाकल्यावर त्याने जाहीर संप केला. नवरात्रात ती न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की सांधा बदलण्याला पर्याय नाही, आणि जितकं लांबवाल तितकं चालणं अवघड होत जाईल.

इथे तिच्या सुनेचा विषय आला. शाल्मली इथल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. कुंदाचा मुलगा श्रेयस बँकेत आहे आणि घरात पाहुण्यासारखा दिसतो. तेव्हा ऑपरेशननंतर सासूला उठवणं-बसवणं शाल्मलीच करणार हे उघड होतं. तिला सुटी दिवाळीची. त्या सुटीनंतर प्रात्यक्षिकं, मग परीक्षा, मग थेट मे महिना. तिने डॉक्टरांकडून भाऊबीज झाल्यावरची तारीख आणली. कार्तिकी एकादशी त्याच्या आठवडाभर पुढे.

कुंदा म्हणाली, एकादशीनंतर बघू. शाल्मली म्हणाली, एकादशीनंतर मे. मे म्हणजे सहा महिने भिंत धरून चालायचं, आणि त्यात पुन्हा पडलात तर? दोघींचे आवाज माझ्या स्वयंपाकघरात येत होते. मी गेले, कारण असे वाद मिटल्याशिवाय मला दुपारी झोप लागत नाही.

"टेबलावर झोपायला मी भीत नाही," कुंदा मला म्हणाली. "पण उठलेच नाही तर? ह्यांच्या जिवासाठी बोललेलं अर्धवट ठेवून मी जाणार नाही."

हे ती एकदाच बोलली. नंदकिशोरराव तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.

आम्ही साध्या बायकांना सुचतील ते उपाय सुचवले. मी म्हटलं, फुलं मी वेचते. नाही, हात तिचा हवा. मग शाल्मलीने झाडाखाली जुनी चादर अंथरली. सकाळी चादरीची चार टोकं उचलली की फुलं आपोआप कुंदाच्या मांडीवर. हा उपाय तिला पटला, कारण चादरीला हात नसतात. पण दसऱ्यापर्यंत झाडाचा बहर ओसरायला लागला. शिवाय खरी अडचण चादरीने सुटणार नव्हती. दवाखान्यातल्या त्या चार-पाच दिवसांत फुलं कुठून येणार, आणि पलंगावर पडल्या पडल्या शेकडो फुलं ती वाहणार कशी? शेवटचे काही हजार राहिले होते आणि रस्ता तिथेच बंद झाला होता.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही तिघी त्यांच्या ओसरीवर झेंडूच्या माळा ओवत होतो. शाल्मलीने एक झेंडू उचलला, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फाडला आणि सासूपुढे धरला.

"आई, हे एक फूल नाही. हा फुलांचा गुच्छ आहे. यातली प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल."

कुंदाने आधी फाडलेल्या झेंडूकडे नाराजीने बघितलं, कारण माळेत एक कमी झाला होता. मग तिने चष्मा लावला. नंदकिशोररावांना तिकिटं जमवायचा नाद आहे. त्यांचं भिंग मागवण्यात आलं. शाल्मलीने पाकळी सुईच्या टोकावर धरून दाखवली. खाली काळी काडी दिसते तो अंडाशय, त्यातच पुढे बी होतं. पाकळीच्या मुळाशी बारीक नळी, आणि नळीच्या तोंडातून बाहेर आलेला दोन फाट्यांचा दोरा, तो स्त्रीकेसर. शंभर-दोनशे असली फुलं एका बैठकीवर दाटीने बसवली की त्याला आपण झेंडू म्हणतो.

कुंदा बराच वेळ बघत राहिली. मी मनात म्हटलं, सुटलो सगळे. एका झेंडूत दोनशे फुलं, आठवड्याभरात लाखोली संपेल आणि मी दुपारची झोपेन.

"पुंकेसर कुठे आहेत?" कुंदाने विचारलं.

शाल्मलीने प्रामाणिकपणे सांगितलं की या पाकळीसारख्या फुलांत पुंकेसर नसतात. ते मधल्या बारीक नळ्यांच्या फुलांत असतात. पण आपला हारातला गेंदेदार झेंडू वाढवताना माणसांनी पाकळ्यांची फुलंच वाढवत नेली. मधली पुरी फुलं त्यात थोडकी उरली.

"म्हणजे हे अपुरं फूल," कुंदा म्हणाली. "अपुरं चालत नाही." आणि तिने तो झेंडू बाजूला सरकवला. हाताची ती ढब मी ओळखते. ट्रेझरीत बिल असंच परत जायचं.

शाल्मली चिडली नाही. तिला उलट चेव आला. विद्यार्थी इतके प्रश्न विचारत नाहीत, असं ती मला नंतर म्हणाली. तिने कॉलेजातून एक कुंडी आणवली. दिवाळीनंतरच्या प्रात्यक्षिकासाठी तिने टप्प्याटप्प्याने सूर्यफुलं पेरून ठेवली होती, म्हणजे एकाच वेळी सगळी फुलून संपू नयेत. त्यातलं पहिलं नुकतं उमलत होतं.

सूर्यफुलाच्या भोवतीच्या मोठ्या पिवळ्या पाकळ्या तिने आधीच बाद केल्या. त्यांना ना स्त्रीकेसर कामाचा, ना पुंकेसर. मधमाश्यांना बोलवायला लावलेली नुसती शोभा. नंदकिशोरराव म्हणाले, "म्हणजे या घरातला मी." मधल्या तपकिरी तबकडीतून शाल्मलीने सुईने एक नळी उपटली आणि भिंगाखाली ठेवली. पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेली नळी. आत पाच पुंकेसर, त्यांचे परागकोशही एकमेकांना चिकटून त्यांची दुसरी नळी. तिच्यातून वर येणारा स्त्रीकेसर, तळाशी अंडाशय, आणि अंडाशयाच्या माथ्यावर दोन खवले, कळीला झाकणाऱ्या हिरव्या पानांचा, म्हणजे निदलपुंजाचा, तेवढाच काय तो अवशेष. सगळं होतं. फक्त तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत होतं.

"हे पुरं आहे," कुंदा म्हणाली.

मग तिला उगाच शंका येऊ लागल्या, म्हणजे तिच्या प्रकृतीला बरं वाटू लागलं. झेंडू आणि सूर्यफूल एका कुळातली म्हणतेस, हे कुणी ठरवलं? पानं तर सारखी नाहीत, उंचीही नाही. शाल्मलीने सांगितलं की पानांवर कुणी विश्वास ठेवत नाही. पानं ऊन-पाण्याप्रमाणे बदलतात. फुलाचा सांगाडा सहसा बदलत नाही, म्हणून कूळ ठरवताना फूल उघडून बघायचं. शेवंती याच कुळातली, डेलिया याच कुळातली, आणि मागच्या पडीक प्लॉटवर माजलेलं गाजरगवतसुद्धा. शेवंती आणि गाजरगवत एका घरातली हे कुंदाला फार लागलं. नंदकिशोरराव म्हणाले, प्रत्येक घरात एखादं गाजरगवत असतंच, आणि श्रेयसच्या मामाचं नाव घेतलं. तेव्हा त्यांना आत पाठवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीपाशी गेले तर कुंदा मांडीवर चादर घेऊन बसली होती. पारिजातकाची केशरी नळी तिने नखाने उभी चिरली होती. ती मला म्हणाली की पाकळ्या कुठे पाच, कुठे सहा, कुठे सात आहेत, पण आत पुंकेसर दोनच. दरवेळी दोनच. जाई उघडून पाहिली, तिच्यातही दोन, म्हणजे दोघी एकाच कुळातल्या. "इतकी हजारो वाहिली," ती म्हणाली, "आत एकदा डोकावले नाही." हे तिने पश्चात्तापाने नाही, तपासणीत राहून गेलेल्या कागदाबद्दल बोलावं तसं म्हटलं. शिवाय पाकळ्या मोजून कूळ ठरवणारा फसेल, असाही शेरा मारला.

सूर्यफूल पुरं आहे हे ठरलं, तरी बाकीचे नियम होते. शाल्मलीने तेही निकालात काढले, आणि तिथे मला त्या फुलाचं कौतुक वाटलं. सूर्यफुलाची तबकडी एकदम उमलत नाही. कडेचं कडं आधी उमलतं, दुसऱ्या दिवशी त्याच्या आतलं, असं करत आठवडाभर ते मध्याकडे सरकत जातं. आज उमललेल्या कड्याच्या तोंडाशी पिवळे पराग दिसतात. काल उमललेल्याचा स्त्रीकेसर वर येऊन दोन फाटे झालेला असतो. त्याच्या आत सगळ्या मिटलेल्या कळ्या. म्हणजे ताजं, शिळं आणि कळी, तिन्ही एका फुलात वेगवेगळी ओळखू येतात, आणि एकच फूल रोज नवी फुलं देतं. वेचायला वाकावं लागत नाही. पलंगावर बसून, तबकडी मांडीवर घेऊन, आजच्या कड्यातल्या एकेका फुलाला सुईचं बोथट टोक लावायचं आणि नाव घ्यायचं.

न तोडता वाहिलेलं चालतं का, एवढा एक आक्षेप राहिला. कुंदाने गुरुजींना फोन केला. गुरुजी म्हणाले की कुंदाताई, भाव महत्त्वाचा. तिने फोन ठेवला आणि वैतागून म्हणाली, "मी नियम विचारला होता. भावाचं तर कुणीही सांगतं." मग तिने स्वतःच निर्णय दिला: वाहणं म्हणजे देणं, तोडणं नव्हे. ऑपरेशनची तारीख तिने कॅलेंडरवर लिहिली.

धनत्रयोदशीला कॉलेजातून आणखी कुंड्या आल्या आणि ती सूर्यफुलावर आली. पारिजातक जेवढा पडेल तेवढा आधी, उरलेली तबकडीतून. माझ्या लक्षात आलं की तिचं काम काही कमी झालं नव्हतं. नावं तेवढीच घ्यायची होती. फक्त गुडघा त्यातून सुटला होता.

भाऊबीज झाली आणि आम्ही तिला दवाखान्यात घेऊन गेलो. दोन कुंड्या ऑटोत माझ्या पायाशी. वॉर्डच्या दारात नर्सने अडवलं. मोनाली तिचं नाव, मुकुटबनची मुलगी, कामाला चोख.

"आजी, मातीची कुंडी आत नाही चालत," ती म्हणाली. "ऑपरेशनचे पेशंट हायेत इथं. मातीनं इन्फेक्शन होते."

मला वाटलं, कुंदा आता भांडेल. पण नियमाला नियम सांगितला की ती मानते. शाल्मलीने तिथेच दोन्ही फुलं लांब दांड्यासकट कापली आणि पाण्याच्या बाटल्यांत ठेवली. कापलेलं सूर्यफूलही पाण्यात राहून आतली कडी उमलवत राहतं. बाटलीला मोनालीने हरकत घेतली नाही. संध्याकाळी ब्लड प्रेशर बघायला आली तेव्हा मात्र तिने विचारलं की फूल कायले घेऊन बसल्या, काही जादूटोणा करून राह्यल्या का. कुंदाने तिला भिंग दिलं. मोनाली बघत राहिली आणि म्हणाली, आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, ही लावत होते, आम्ही बियाच खाल्ल्या.

ऑपरेशनच्या सकाळी कुंदाने त्या दिवसाचं कडं पुरं केलं आणि मगच स्ट्रेचरवर गेली. ऑपरेशन नीट झालं. पण नंतर तिला एक दिवस निगराणीच्या खोलीत ठेवणार होते. तिथे नातेवाइकांनाच जेमतेम जाऊ देतात, फुलांचा प्रश्नच नव्हता. हे आम्हाला कुणाला आधी सुचलं नव्हतं. शाल्मलीला सुचायला हवं होतं, मलाही. दुसरी सकाळ उजाडली. सूर्यफूल बाहेर खिडकीत, कुंदा आत गुंगीत. खंड पडणार हे दिसत होतं आणि करण्यासारखं काही नव्हतं.

शाल्मली मला म्हणाली, सांगायचंच नाही. गुंगीत होत्या, त्यांना दिवस कळणार नाही. मी म्हटलं, तिने आयुष्यभर तारखा तपासल्या आहेत.

तिसऱ्या दिवशी तिला वॉर्डात आणलं. पाणी पिऊन झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "काल?"

शाल्मली खाली बघायला लागली. मी पिशवी आवरायला घेतली. नंदकिशोरराव पलंगाच्या पायथ्याशी उभे होते.

"काल मी केलं," ते म्हणाले.

आम्हा दोघींना हे नवीन होतं. आदल्या सकाळी मी शाल्मलीला घेऊन खाली चहाला गेले होते, तेव्हा ते एकटे खिडकीपाशी बसले असणार. कुंदा त्यांच्याकडे बघत राहिली. तोंड कोरडं पडलेलं, तरी आवाज ट्रेझरीतला.

"कुठल्या फुलांना हात लावला?"

"ज्यांच्या तोंडावर पिवळी भुकटी होती त्यांना."

"फाटे फुटलेल्यांना?"

"ती परवाची. त्यांना नाही लावला. आतल्या कळ्यांनाही नाही."

"नाव घेतलं?"

"प्रत्येकाला घेतलं. जीभ सुकली. मोनाली दोनदा विचारून गेली, आजोबा, तुमाले चक्कर येऊन राह्यली का."

कुंदाने मनात एकेक नियम तपासला. ताजं होतं, उमललेलं होतं, पुरं होतं, खंड नव्हता. राहिला एकच आक्षेप: हात तिचा नव्हता. मला तो तिच्या कपाळावर दिसत होता. माझा हात तिने फुलं वेचायलासुद्धा चालवून घेतला नव्हता.

"दर नोव्हेंबरात पेन्शनर यायचे," ती शेवटी म्हणाली. "हयातीचा दाखला द्यायला, सही-अंगठा करायला. कुणी मुलाला पाठवायचं, कुणी पुतण्याला. मी परत पाठवायची. ज्याचं पेन्शन तो स्वतः आला, की मग काही विचारायची नाही." तिने डोळे मिटले. "हे तुमच्याच जिवाचं होतं. तुम्ही स्वतः आलात. चालेल."

नंदकिशोररावांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"अंगठा कुठे उठवू?" त्यांनी विचारलं.

तिने त्यांना बाटली इकडे द्यायला सांगितली. त्या दिवसाचं कडं अजून व्हायचं होतं.